विसावं नाव

क्रेडिट्स एकशे सहासष्ट होते. संचिताने ते आधी वरून खाली मोजले, मग खालून वर, मग आठ सेमिस्टरांच्या आठ वेगळ्या बेरजा करून त्यांची पुन्हा बेरीज केली. एकशे सहासष्ट. या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पदवीला एकशे सहासष्टच लागतात. तरीही कॉम्प्युटरच्या पडद्यावर, वर्गातल्या बाकी सगळ्यांच्या नावापुढे जिथे 'पात्र' होतं, तिथे दिशा केणेच्या नावापुढे 'अपूर्ण' होतं. अक्षरं लालसुद्धा नव्हती. करडी, बारीक, नजरेतून सहज सुटावीत अशी. दिशा टेबलाच्या पलीकडे उभी होती आणि बस म्हटलं तरी बसत नव्हती. घरी तिनेही हीच बेरीज मोबाइलवर केली होती आणि तिचीही एकशे सहासष्टच आली होती. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. दोन माणसांनी वेगवेगळं मोजून आकडा एकच आला म्हणजे तो बरोबर असणार, एवढ्या भरवशावर सांगत होती, आणि हा भरवसा तिला तिसऱ्या वर्षाला संचितानेच शिकवला होता.

चूक सापडायला मग फार वेळ लागला नाही, आणि सापडली तेव्हा ती इतकी साधी निघाली की संचिताला आधी हसूच यायला लागलं. बेरीज भरली होती, कप्पे भरले नव्हते. नव्या अभ्यासक्रमात विषयांचे कप्पे पाडलेले आहेत. शाखेचे सक्तीचे विषय एकात, शाखेतलेच पण आपल्या आवडीने निवडायचे ते दुसऱ्यात, आणि शाखेबाहेरचे, ज्यांना सगळे ओपन इलेक्टिव्ह म्हणतात, ते तिसऱ्यात. प्रत्येक कप्पा आपापला भरावा लागतो. ओपन इलेक्टिव्ह तीन लागतात, दिशाचे दोनच होते. शाखेतले निवडीचे पाच लागतात, दिशाचे सहा झाले होते. तिकडे पडायला हवा होता तो एक विषय इकडे पडला होता, आणि एकूण बेरजेत ते कधी दिसणारच नव्हतं. दिसलं ते आत्ता, चार वर्षं संपल्यावर, निकालानंतर. तो जास्तीचा सहावा विषय संचिताचा होता. 'ध्वनी आणि गोंगाट नियंत्रण'. दर वर्षी नव्याने सही करायच्या तिच्या कंत्राटी नोकरीतला पहिला स्वतःचा विषय, तिने मागून घेतलेला, सरोज मॅडमच्या केबिनबाहेर चार-चारदा उभं राहून. आणि दिशाची मेंटरही तीच होती. मेंटर म्हणजे वाट्याला आलेल्या मुलांनी काय निवडलं ते बघायचं, कुठल्या कप्प्यात किती झालं ते बघायचं, आणि खाली सही करायची. सही होती. संचिताची सही नेहमीच वाचता येण्याजोगी असते.

दिशाला ठाण्याला नोकरी लागली होती. कारखान्यांमधला आवाज मोजून अहवाल देणारी एक लहानशी कंपनी. जुलैत रुजू व्हायचं, येताना पदवी पूर्ण झाल्याचा दाखला आणायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. मुलाखतीत त्यांनी तासभर ध्वनीवरच प्रश्न विचारले होते, आणि दिशाने बाहेर येऊन पहिला फोन घरी न करता संचिताला केला होता. घरात तशी या नोकरीची कुणालाच गरज नव्हती. कोपरच्या बाजूला केण्यांच्या जमिनी होत्या. आजी बायजा तरुणपणी मिठागरात राबलेली, पण वडील कमलेश आता स्वतःच्या दोन इमारतींचे मालक होते आणि पोरीने रोज ठाण्याला कशाला धावायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. नोकरी हवी होती ती एकट्या दिशाला. एकदा जागा गेली की घरातल्या त्या म्हणण्याला उत्तर उरणार नव्हतं. पुढच्या सेमिस्टरला एक ओपन इलेक्टिव्ह घेऊन ती डिसेंबरात पदवीधर झाली असती, पण डिसेंबरातल्या पदवीला कोण विचारणार होतं?

"आजी विचारते," दिशा म्हणाली, "परीक्षा जाल्या ना, मंग आनखी काय पायजे त्यांना? मी काय सांगू मॅडम?"

संचिताने तिला दोन दिवस कुणाला काही सांगू नकोस म्हटलं. दिशा मान हलवून गेली. ती गेल्यावर संचिता करड्या अक्षरांकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिला एक कॉरिडॉर दिसायला लागला. विषय सुरू व्हायचा तर वीस नावं लागतात, तो नियमच आहे. वीसच्या खाली विषय बंद, मुलं दुसरीकडे. त्यामुळे दर वर्षी निवडीच्या आठवड्यात मुलं एकमेकांसाठी नावं घालतात. चौघांना एखादा विषय मनापासून हवा असतो, बाकीचे सोळा दोस्तीखातर येतात, आणि पुढच्या वेळी त्यांचं कर्ज फेडलं जातं. शिक्षकही अशा वेळी कॉरिडॉरमध्ये जरा जास्तच रेंगाळतात. संचिताच्या विषयाला शेवटच्या दुपारी एकोणीस नावं होती. ती पाण्याच्या कूलरपाशी उभी होती, खालच्या ट्रेमध्ये साचलेल्या पाण्याला गंजाचा वास येत होता, आणि ती कुणाला तरी म्हणाली होती की एकच कमी पडतोय. कुणाला? प्रश्न सोपा होता आणि तिथेच सगळं पुसट व्हायला लागत होतं. दिशाला म्हणाली होती, की दुसऱ्या कुणाला म्हणताना दिशाने ऐकलं होतं? दिशाने वळून बघितलेलं तिला आठवत होतं, स्वच्छ आठवत होतं, खांद्यापर्यंत कापलेल्या केसांसकट. पण केस दिशाने या वर्षी कापले. तेव्हा तिची कमरेपर्यंत वेणी होती. म्हणजे आठवणीतला तो चेहरा आजचा होता, मघाशी टेबलापलीकडे होता तोच, आणि मनाने तो उचलून दोन वर्षं मागे नेऊन ठेवला होता. मग त्या आठवणीतलं बाकीचं काय खरं होतं? "ओपनमध्ये धरतील हा विषय," असं ती म्हणाली होती का? तेव्हा कप्प्यांच्या याद्या बदलत होत्या. हा विषय दोन्हीकडे धरणार असं मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. ते तिने दिशाला सांगितलं होतं की नुसतं मनात धरून सही केली होती, हे मात्र कुठल्याही बाजूने गेलं तरी सापडत नव्हतं.

सरोज मॅडम विभागप्रमुख. पुण्यातून येऊन कल्याणला तीस वर्षं झाली तरी त्यांची भाषा तसूभर हलली नव्हती. संचिताने त्यांना सगळं सांगितलं, कूलर आणि गंजाचा वास सोडून. चूक माझी असू शकते, असंही म्हणाली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असू शकते म्हणजे काय? आहे की नाही?"

"आठवत नाही मॅडम."

"मग राहू दे. चूक कुणाची याला नियमात जागाच नाहीये, संचिता. टक्केवारीला आहे."

आणि त्यांनी नियम सांगितला. एखाद्या विषयात प्रत्यक्ष शिकवलेल्या तासांपैकी सत्तर टक्के तास जर एखाद्या ओपन इलेक्टिव्हच्या अभ्यासक्रमाशी जुळत असतील, तर तो विषय त्या कप्प्यात हलवता येतो. आतापर्यंत दोनदा हलवलाय. 'औद्योगिक सुरक्षा' नावाचा ओपन इलेक्टिव्ह आहे, त्याच्याशी जुळवून बघ, त्यात गोंगाटाचा बराच भाग आहे. मोजायचं कुणी, असं संचिताने विचारलं. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शिकवलं कुणी? मग तूच मोज. शनिवारी दुपारपर्यंत दे, मी सही करीन. त्या हे इतक्या सरळ म्हणाल्या की त्यात काही सुचवलेलं होतं की नव्हतं, ते संचिताला जिना उतरून खाली येईपर्यंत ठरवता आलं नाही.

मोजायला लागल्यावर मात्र बरं वाटलं. विषयाचे बेचाळीस तास. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून तिने एकेक तास घेतला. आवाज मोजायची उपकरणं, जुळतं. कानाची रचना आणि बहिरेपण, जुळतं. कायद्याने ठरवलेल्या मर्यादा, जुळतं. यंत्रांभोवतीची आवरणं, जुळतं. तरंगांचं गणित, नाही. नळ्यांमधले सायलेन्सर, नाही. सभागृहांची रचना, दोन तास, नाही. संशय आला तिथे तिने स्वतःच्या विरुद्ध धरलं, कारण फायदा कुणाला होतोय हे तिला माहीत होतं. जुळणारे तास अठ्ठावीस आले. बेचाळीसपैकी अठ्ठावीस म्हणजे सहासष्ट पूर्णांक सात. सत्तरसाठी तीस हवे होते. दोन तास कमी. आणि मग, पेन खाली ठेवता ठेवता, तिला वागळे इस्टेट आठवलं.

ती त्या वर्गाला वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस शॉपमध्ये घेऊन गेली होती. तिचे वडील तानाजी तिथेच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी पत्रा दाबणाऱ्या यंत्रासमोर काढली, आणि आता डाव्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही, उजव्याने समोरच्याच्या ओठांकडे बघितलं तर येतं. हा विषय संचिताला का हवा होता ते तिने कॉलेजात कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तानाजी मुलांबरोबर आले होते, धुतलेला शर्ट घालून, आणि यंत्रांमधून हिंडताना सगळ्यांत शांत तेच होते. मुलांनी कानांवर हात धरले होते. दिशाने मीटर धरला होता आणि आकडा ओरडून सांगत होती तरी कुणाला कळत नव्हता. नंतर कामगारांशी बोलणं झालं, कानात घालायची बुचं कोण वापरतं आणि का वापरत नाही यावर. ते सगळं 'औद्योगिक सुरक्षा'त अगदी शब्दशः बसत होतं. दोन तास. अठ्ठावीस अधिक दोन तीस.

पण ते दोन तास कुठले? त्या वर्षी तिचे तास मंगळवारी आणि गुरुवारी असत. भेट जर मंगळवारच्या तासांना दिली असेल, तर सभागृहांची रचना हे दोन तास बुडाले, त्यांच्या जागी वागळे इस्टेट आलं. बेचाळीसपैकी तीस, एकाहत्तर पूर्णांक चार, दिशा पास. आणि भेट जर शनिवारी जादा दिली असेल, तर बेचाळीस तास पूर्ण झाले आणि वर दोन. मग शिकवलेले तास चव्वेचाळीस होतात आणि आकडा सत्तरच्या खाली राहतो. एका वाराचा प्रश्न होता. पाठनोंदीत सभागृहांच्या दोन तासांपुढे 'पूर्ण' होतं, पण ती नोंद सेमिस्टरच्या आधीच भरून ठेवायची पद्धत आहे आणि शेवटी सगळेच सगळ्यांपुढे 'पूर्ण' लिहितात. भेट ठरली होती वर्गात, तोंडी. फोटो नव्हते, गिऱ्हाइकांचे साचे दिसतात म्हणून मालकाने फोन बाहेर ठेवायला लावले होते. राहता राहिलं तिचं डोकं. तिला फळ्यावर काढलेलं एक सभागृह आठवत होतं, मागच्या भिंतीवरून परतणारे बाण, खडूची पांढरी पूड बाहीवर. म्हणजे ते तिने शिकवलं होतं. पण या वर्गाला की पुढच्या? बाण आठवत होते, बाकांवरचे चेहरे नाही. ती चेहरे आणायचा प्रयत्न करी तसे तिथे कापलेल्या केसांची दिशा येऊन बसे, आणि मग तिला कशावरच विश्वास ठेवता येईना.

तिने दिशाला फोन केला. कारण सांगितलं नाही, मोघम विचारलं की आपण वागळे इस्टेटला गेलो होतो ते कुठल्या वारी, आठवतंय का.

"मॅडम," दिशा म्हणाली, "कोणता वार पाहिजे?"

संचिताने काहीतरी बोलून फोन ठेवला. तिला राग आला नव्हता. उलट आपणच मीटरला आपल्याला हवा तो आकडा आधी सांगून मग तो कानाशी धरला, असं तिला वाटलं. आता दिशाला विचारण्यात अर्थ नव्हता, आणि वर्गातल्या बाकीच्यांना विचारण्यातही नव्हता. दिशाचं अडलंय एवढं कळलं की एकोणीसच्या एकोणीस जण एकाच वाराचं नाव घेतील. आठ सेमिस्टरं एकमेकांसाठी हेच तर करत आली होती ती. संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं, समोर बसून, ओठ नीट हलवून. तुझी पोरं आलेली तो दिवस ना, तानाजी म्हणाले, चांगला दिवस होता. वार, बाबा, वार कुठला? हो हो, ते म्हणाले, आणि हसले. ऐकू आलं नाही की ते असेच हो हो म्हणतात. लहानपणी तिने त्या हो-वर काय काय मिळवलं होतं. सहलीला जाऊ का, हो हो. फॉर्मवर सही करता का, हो हो. आपणही कूलरपाशी अशीच मान हलवली असेल का, दिशाने काही विचारलं असेल आणि आपलं लक्ष एकोणीस या आकड्याकडे असेल? ऐकू येत असूनही?

शनिवारी सकाळी ती निघायच्या तयारीत असताना तानाजी ओट्यापाशी उभे राहून केळं सोलत होते. त्यांचा शनिवारचा उपास. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात मारुतीचं देऊळ आहे, आणि मुंबईला आल्यापासून एक शनिवार त्यांनी मोडलेला नाही. तापातसुद्धा नाही, कारखान्यात डबल ड्युटी असतानाही नाही. एरवी समोर आलेला वडापाव त्यांनी कधी परत पाठवलेला तिला आठवत नव्हता. संचिता पायात चप्पल घालता घालता थांबली. प्रेस शॉपच्या मालकाने त्या दिवशी सगळ्यांसाठी वडापाव मागवले होते. कागदातून झिरपलेलं तेल, पत्र्याच्या पिंपावर ठेवलेला ढीग, मुलांचा गोंधळ. आणि बाबा? तिला बाबांची बोटं दिसली, लालभडक, लसणाच्या चटणीने माखलेली, आणि ती ते पँटला पुसताहेत. अगदी स्पष्ट. चटणी म्हणजे वडापाव, आणि वडापाव म्हणजे शनिवार नव्हे. म्हणजे मंगळवार. एकाहत्तर पूर्णांक चार. ठाण्याहून कल्याणपर्यंत तिने तो आकडा मनात घोळवला, आणि पुढे विठ्ठलवाडीच्या बाजूला कॉलेजकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात, तीन अनोळखी खांद्यांमध्ये दाबून बसलेली असताना, तिने ती बोटं पुन्हा बघितली. पुन्हा तितकीच लाल. मग तिने त्याच बोटांना निवृत्तीच्या दिवशी लावून बघितलं, ती तिथेही बसली. गणपतीत सोसायटीखाली लावून बघितली, तिथेही. ती बोटं कुठेही चिकटत होती.

दिशा केबिनबाहेर वाट बघत होती. ती मागोमाग आत आली, आणि या वेळी खुर्चीवर बसली. संचिता पाणी प्यायली. एक मोजमाप पुन्हा घ्यायचं तर मोजणाऱ्याला आपण काय शोधतोय ते कळता कामा नये. प्रश्न तिने रिक्षात तयार केला होता, त्यातले शब्द दोनदा बदलून.

"दिशा, माझे बाबा आठवतात तुला?"

"तानाजी काका? मग काय," दिशाचा चेहरा एकदम सैल झाला. "मला मीटर धरायला त्यांनीच शिकवलेलं. म्हणजे उंच धर, असं हाताने."

"त्या दिवशी आपण सगळ्यांनी तिथेच खाल्लं होतं ना. बाबांनी काय खाल्लेलं?"

दिशाने संचिताकडे बघितलं. या प्रश्नाला बरोबर उत्तर कुठलं, ते शोधत असल्यासारखं बघितलं, आणि ते न सापडल्यामुळे मग खरंच आठवायला लागली. संचिताला तिच्या डोळ्यांत ते दिसलं, बाहेर बघणारी नजर आत वळली ते. टेबलाखाली तिने आपले दोन्ही हात एकमेकांत धरले.

"केळी," दिशा म्हणाली, आणि हसली. "मी त्यांना वडापाव द्यायला गेलेले, तर म्हणाले, आज नको पोरी. मी म्हटलं काका घ्या ना, गरम आहे. ते नुसते बघत राहिले त्याच्याकडे, मला इतकं कसंतरी झालं. मग त्या मालकांनी केळी मागवली. दोन खाल्ली आणि सालं खिशात घातली, डबा दिसेना म्हणून. रुमालात गुंडाळून." ती थांबली. "मी मग माझापण नाही खाल्ला, विनीतला दिला. का मॅडम? कशाला पाहिजे?"

"असंच."

"काका बरे आहेत ना?"

बरे आहेत, संचिता म्हणाली. तिला विचारायचं होतं, विसावं नाव तू का घातलंस, मी बोलावलं होतं का तुला, पण तो प्रश्न आता कुठल्याच रकान्यात जात नव्हता, आणि जी मुलगी दोन केळ्यांची सालं कुठल्या रुमालात गेली ते सांगू शकते तिला ते नक्की आठवत असणार, याची संचिताला भीती वाटली. दिशाने ते न विचारताच सांगितलं. जाता जाता, दारात, ओढणी सावरत, जशी काही त्याची आठवण आत्ताच झाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां मॅडम. तुम्ही फक्त बोललेलात, एक कमी आहे. आलेले मीच."

दिशा गेली. फक्त बोललेलात. कुणाशी? ते दिशाने सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. वरच्या मजल्यावर सरोज मॅडमच्या खुर्चीची चाकं सरकल्याचा आवाज आला. संचिताने कागद पुढे ओढला, वर विषयाचं नाव घातलं, शेजारी दिशा केणेचं, आणि भेटीचा वार शनिवार असं लिहून खाली आकडे भरले. एकूण शिकवलेले तास चव्वेचाळीस. जुळणारे तास तीस. अडुसष्ट पूर्णांक दोन टक्के.